बोटाचा मान

कोळेशिरगावात बेंदराच्या सणाला वेशीतून पहिला बैल जातो तो पाटलांचा आणि दुसरा मोहित्यांचा. एका वर्षी मोहित्यांचा बैल शिंगभर पुढं सरकला, तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नात जेवणं सोडलं होतं. बैलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. चंद्राबाईला मात्र सगळं ठाऊक होतं, आणि तरीही तिनं ते यंत्र नवऱ्याच्या हाती पडू दिलं. पुढं ती साऱ्या गावावर रागावली, त्यात पहिला नंबर तिनं स्वतःचा लावला होता.

यंत्र सांगलीहून आलं होतं. चंद्राबाईची सून अंजना हिला ऐन विशीत साखरेचा आजार जडलेला. रोज सकाळी मांडीत इन्शुलिनची सुई टोचून घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. नवरा आकाराम फौजेत, तिकडं पठाणकोटला. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्राबाईला समोर बसवून सांगितलं, "आजी, लघवी तापवून साखर बघण्यावर या खेपेला भागायचं नाही. लघवीत साखर दिसते तेव्हा रक्तात ती कधीची चढून बसलेली असते. आणि रक्तातली उतरली, तर लघवी काही सांगतच नाही. चढली तर बाळाला धोका, उतरली तर हिला. हिचं रक्त रोज बघायला हवं."

मग त्यांनी कपाटातून ट्रान्झिस्टरएवढं एक यंत्र काढलं. मध्ये तबकडी आणि तबकडीत काटा. सोबत तपकिरी बाटल्या, त्यांच्यात बोटभर लांबीच्या पट्ट्या. पट्टीच्या टोकाला कसलंसं औषध बसवलेलं. ते रक्तातल्या साखरेलाच तेवढं ओळखतं, मीठ-मिरचीकडे ढुंकून बघत नाही, असं बाई म्हणाल्या. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्यानं धुवायचं आणि पट्टी यंत्रात सरकवायची. साखर जास्त तशी पट्टी जास्त निळी, आणि पट्टी निळी तसा काटा पुढं.

"माझ्या बहिणीनं विलायतेहून आणलंय," बाई म्हणाल्या. "बाळंतपण होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. पण पट्ट्या जपून वापरा. इथं कुठं विकत मिळत नाहीत."

अंजना सातवी शिकलेली. तिनं तिथल्या तिथं शिकून घेतलं, आणि घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं. सकाळी ती काटा बघायची, त्याप्रमाणे सुईत औषध कमी-जास्त भरायची. चेहऱ्यावर रया आली. पोटातलं पोर लाथा मारू लागलं.

चंद्राबाईचे यजमान नाथाजी हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सिग्नलच्या बिनतारी संदेश खात्यात केल्यामुळे, तबकडीत काटा असलेली कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते अशी त्यांची समजूत होती. कारखान्याच्या वजनकाट्याशीसुद्धा ते दोनदा भांडून आले होते. त्यांनी चावडीत यंत्राचं असं काही वर्णन केलं की दुसऱ्या दिवशी लालासाहेब पाटलांची जीप दारात उभी राहिली. लालासाहेब गावचे पाटील तर होतेच, शिवाय साखर कारखान्याचे डायरेक्टर.

"काय सुभेदार," घराच्या पुढल्या सोप्यात टेकत ते म्हणाले, "गावात विलायती यंत्र येतंय आन् पाटलाला पत्त्या न्हाई?"

"छ्या छ्या! आसं कसं हुईल?" सुभेदार म्हणाले. "पयलं बोट तुमचंच."

वास्तविक पहिलं बोट कधीच टोचून झालं होतं. अंजनाच्या दहाही बोटांची चाळण झाली होती. पण ती घरातली बाई, आणि शिवाय आजारी. तिचं बोट मानात धरायचा प्रश्न नव्हता.

सुभेदारांनी घड्याळ बघत, कवायतीच्या आवाजात मिनिट मोजलं. पट्टी निळीभोर झाली. काटा उठला आणि तबकडीच्या पार उजव्या अंगाला जाऊन थरथरत उभा राहिला.

मग सुभेदारांनी स्वतःचं बोट टोचलं. काटा जरासा हलला आणि डावीकडंच बसून राहिला.

"माझी जास्त का तुमची?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमची. तिप्पट भरंल."

"तिप्पट!" लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

इथं कोळेशिरगावची एक अडचण समजून घेतली पाहिजे. ज्याच्या उसात साखर जास्त त्याचा उतारा चांगला, आणि ज्याचा उतारा चांगला त्याला कारखान्यावर खुर्ची मिळते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. साखर जास्त असणं वाईट, असं त्या गावात आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं.

दाराआड उभ्या असलेल्या अंजनानं सासूचा पदर ओढला. "आत्याबाई, लय हाय त्यांची. आसं माझं झालं तर बाई दवाखान्यात ठिवून घेतील. सांगा की त्यास्नी."

चंद्राबाई पुढं झाली. "आवं लालासाब, ह्यो काटा हितवर जाणं चांगलं न्हाई म्हणं. एकदा सांगलीला दावून या."

"तू आत जा गं," सुभेदार म्हणाले. "च्या टाक. साखर बेतानं घाल, त्यांच्यात मूळचीच हाय." यावर सोप्यातली मंडळी इतकी हसली की चंद्राबाईचं वाक्य कुठल्या कुठं वाहून गेलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पाटलांच्या रगताचा उतारा सुभेदाराच्या तिप्पट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो मोहिते हजर. त्यांचा काटा सुभेदारांच्या एक केस पुढं जाऊन थांबला. नानासोंनी यंत्राकडं असं बघितलं, जसं काही त्यानं पाटलांकडून पैसे खाल्लेत. "ह्येचं काट्याचं काम बराबर न्हाई," असं म्हणून ते निघून गेले, आणि चार दिवसांनी कराडहून जिलेबी आणवून, भरपूर खाऊन, पुन्हा आले. काटा थोडा सरकला. नानासोंना थोडं बरं वाटलं. मग त्यांच्या भावकीतले आले, सोसायटीचे आले, देवस्थानचे आले. ज्याला बोलावलं नाही तो रुसला, आणि रुसवा काढायला त्याला घरी बोलावून टोचावं लागलं.

चंद्राबाई रागावली की तिच्याआधी तिची भांडी बोलू लागत. त्या दिवसांत त्या घरातली तवा-परात गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई.

"आवं, त्या पट्ट्या पोरीसाठी हायत्या," एका दुपारी तिनं नवऱ्याला गाठलं.

"मला काय कळत न्हाई व्हय? पर दारात आलेल्या माणसाला न्हाई म्हनू?"

"म्हना की! तोंडाला काय झालंय?"

"अगं, पाटलाचं बघितलं आन् मोहित्याचं न्हाई बघितलं तर गावात दुफळी हुईल. एक एक पट्टीनं आसं काय हुतंय?"

"तुमच्या गावाची दुफळी ऱ्हाऊ द्या. माझ्या सुनंच्या पोटात दोन जीव हायती."

"तिचं उद्या बघू. तिला काय, रोजचंच हाय."

तिनं बाटल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. सुभेदारांनी शोधून काढल्या आणि आपल्या काळ्या फौजी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला. मौल्यवान माल असा उघड्यावर ठेवत नाहीत, हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. त्यानंतर अंजनाला पट्टी हवी असली की सासूनं मागायची, सासऱ्यानं कमरेला हात घालायचा, आणि तेवढ्यात कुणी पाहुणा दिसला की "आजचा दिस ऱ्हाऊ दे" म्हणायचं. रोजचं बघणं दिवसाआड झालं, मग जमेल तेव्हा. सुईत औषध किती भरायचं हे अंजना आता अंदाजानं ठरवू लागली. आठवा महिना लागला होता.

एके रविवारी नानासोंनी नवाच वाद काढला. पाटलांनी त्या दिवशी येताना गूळ खाल्ला होता, तेव्हा तो उतारा धरायचा नाही. दोघांनी उपाशीपोटी यायचं आणि चार लोकांसमोर बघायचं. हा प्रस्ताव सुभेदारांना न्यायाचा वाटला. अकराच्या सुमाराला सोपा माणसांनी भरला. पान-सुपारी आली. चंद्राबाई आत दात-ओठ खात चहाचं आधण ठेवत होती.

अंजना भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात काठवटीबाहेर पडला आणि ती जमिनीवरच पीठ थापू लागली.

"अगं, काय करतीस?"

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "म्हशीला लुगडं कुणी नेसवलं?"

चंद्राबाईनं तिच्या गळ्याला हात लावला. पाण्यातून काढल्यागत पोर भिजली होती. ओठ थरथरत होते, डोळे एकीकडं लागलेले. साखर उतरली? पण मागच्या पंधरवड्यात ताप उतरताना अशीच भिजली होती आणि तेव्हा काटा चढलेला निघाला होता. चढली असेल तर सुई, उतरली असेल तर गोड. एका हाताला जगणं होतं, आणि तो हात कुठला ते फक्त ती पट्टी सांगू शकत होती.

तिनं पोरीला भिंतीला टेकवलं आणि तशीच पिठाच्या हातांनी सोप्यात घुसली.

"पट्टी द्या! पोरगी बरळतीया!"

सगळे तबकडीकडं वाकलेले. कुणी मान वर केली नाही.

"थांब गं जरा," सुभेदार घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "मिनिट पुरं हुतंय."

तिनं बाटली उचलली आणि उपडी केली. आतून पट्टी पडली नाही. झाकणही पडलं नाही, ते आधीच कुठंतरी गेलं होतं. ट्रंक उघडीच होती. तिच्यात बाकीच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, फौजी शिस्तीत, आणि सगळ्या रिकाम्या.

"आवं, हितल्या पट्ट्या कुठं हायत्या?"

"हीच शेवटची," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी ती यंत्रात सरकवली. काटा सणकून उठला आणि तबकडीच्या कडेला जाऊन थडकला. सोप्यात आरोळी उठली. कुणीतरी लालासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "उपाशीपोटी! उपाशीपोटी, गड्या!"

चंद्राबाई क्षणभर तिथं उभी राहिली. त्या क्षणात तिच्या मनात जे आलं ते छापण्यासारखं नाही. मग ती वळली आणि धावली.

बाईंनी एकदा म्हटलं होतं, काही कळेनासं झालं तर गोड द्या. चढली तर नंतर उतरवता येते, पण उतरलेल्याला वेळ मिळत नाही. चंद्राबाईनं काकवीची बरणी खाली ओढली. चूक झाली तर पहिल्या पोरासारखंच. तिनं बोट बुडवलं आणि अंजनाच्या हिरड्यांवर, गालाच्या आत काकवी चोळली. पुन्हा बुडवलं. "गिळ बाई. गिळ गं माझे माय." बाहेर हशा चालू होता. आत एक म्हातारी आंधळ्यागत चाचपडत होती, आणि डोळस यंत्र दहा पावलांवर पाटलाचा मान मोजत होतं.

बऱ्याच वेळानं अंजनानं ओठ चाटले. मग सासूचं बोटच चावलं. मग डोळे हलले.

"आत्याबाई, तुमच्या हाताला काय लागलंय हे चिकट?"

चंद्राबाईनं तिला आणखी वाटीभर काकवी पाजली, पोटावर हात ठेवला. पोर आतून हललं. तेव्हा कुठं ती उठली, आणि त्याच चिकट हातांनी सोप्यात आली. या खेपेला सगळ्यांनी मान वर केली.

"झाला मान?" ती म्हणाली. "झाली समद्यांची बोटं? का कुणाची राहिल्यात? कोयता आणू?"

"अगं, लोक बसल्यात..." सुभेदार.

"बसूद्यात की! लय चांगलं बसल्यात. माझी पोरगी आत मरायला टेकली हुती, आन् तुमी हितं उतारा बघत बसलायसा. ज्येला काय सुदीक झालं न्हाई त्येची बोटं टोचली, आन् जिला जगायचं हुतं तिला म्हनं उद्या बघू!"

"काकू, तुमी उगं..." नानासोंनी मध्ये तोंड घातलं.

"नानासो, तुमी जिलेबी खाऊन आला हुतासा. तुमी गप बसा." नानासो गप बसले. "आन् लालासाब, तुमाला म्या पयल्याच दिशी सांगितलं. त्यो मान न्हवं, त्यो रोग हाय. माझ्या सुनंला जो हाय त्योच. रातीचं किती येळा उठता? पाणी किती पिता? बोला की आता."

लालासाहेब हसणार होते. पण हसता हसता त्यांनी डावा पाय हळूच धोतराखाली ओढून घेतला. त्या अंगठ्याला उसाचा बुडखा लागून झालेली जखम दिवाळीपासून भरत नव्हती, हे त्यांच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"वैनी," ते हळू आवाजात म्हणाले, "खरं म्हंता?"

"जीप काढा. वाटेत सांगते."

जीपमध्ये ड्रायव्हर केरबाच्या शेजारची पुढची जागा आजवर पाटलांखेरीज कुणाच्या बुडाला लागलेली नव्हती. चंद्राबाईनं तिथं अंजनाला बसवलं आणि आपण तिला धरून कडेला बसली. लालासाहेब मागं. सुभेदार त्यांच्याही मागं, स्टेपनीवर, मांडीवर यंत्र घेऊन. सारं गाव बघत होतं. इस्लामपूरला सुभेदारांनी "च्या घ्यायचा का?" असं विचारलं. चंद्राबाईनं केरबाला गाडी हाकायला सांगितलं.

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी अंजनाला तपासलं, नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकले, आणि मग रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडून विचारलं, "एवढ्या पट्ट्या कुठं गेल्या?"

"ह्यास्नी इचारा," चंद्राबाई म्हणाली.

सुभेदार सावधानमध्ये उभे होते. "बाईसाहेब, गावचा मान..." बाईंनी बाटल्या टेबलावरून गोळा केल्या. मग त्यांनी लालासाहेबांचा अंगठा बघितला आणि त्यांना तिथल्या तिथं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांची हकिगत वेगळी आहे, आणि ते स्वतः ती सांगत नाहीत.

"नव्या पट्ट्या?" चंद्राबाईनं विचारलं.

"विलायतेहून कुणी येणारं भेटेल तेव्हा. तोवर हिला इथंच ठेवावं लागेल. रोज शिरेतून रक्त काढून तपासू. सकाळी काढलं की संध्याकाळी उत्तर येईल."

"म्हंजी सकाळी मेली तर संध्याकाळी कळायचं?"

बाईंनाही याहून बरं काही देता येत नव्हतं.

चंद्राबाई दवाखान्यातच राहिली. पटांगणात चुलीवर अंजनापुरतं शिजवायची आणि तिच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांवरून हात फिरवायची. सुभेदार आठवड्याला दूध घेऊन यायचे. ती दूध घ्यायची आणि पाठ फिरवायची. गावात काय चाललंय, कोण काय म्हणतंय, हे सांगायला ते तोंड उघडत, तेव्हा ती नळावर जाऊन भांडी घासू लागे.

नवव्याच्या सुरुवातीला बाईंनी पोट चिरून बाळंतपण केलं. मुलगी झाली. अंगानं चांगली भरलेली, पण चिंधीसारखी लोळागोळा. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर झपाट्यानं पडते, बाई म्हणाल्या. पट्टी असती तर टाचेतून एक थेंब घेऊन घटकेघटकेला बघता आलं असतं. पट्टी नव्हती. तेव्हा बाईंनी साखरेचं पाणी कालवून दिलं, आणि चमच्यानं थेंब थेंब पाजत राहा म्हणाल्या. किती, ते कुणालाच नेमकं माहीत नव्हतं.

तो दिवस आणि दुसरा दिवस सासू-सुनांनी त्या चमच्यावर काढला. अंजना उठू शकत नव्हती तरी कुशीवर वळून पाजायची. ती थकली की चंद्राबाई. चंद्राबाईच्या डोक्यात सारखा तो सोपा येई, आणि त्यातलं एक एक टोचलेलं सुदृढ बोट. तिसऱ्या दिवशी पोरीनं चमच्याची कड ओढून धरली आणि खणखणीत रडली.

त्या दुपारी सुभेदार आले. पटका हातात घेऊन खाटेजवळ उभे राहिले. बराच वेळ त्यांना नातीकडंही बघता येईना आणि दुसरीकडंही.

"माझी चूक झाली," शेवटी ते बायकोला म्हणाले.

"मला काय सांगतायसा? माझ्या अंगातनं काढलं रगात? जिच्या काढलं तिला सांगा."

सुभेदारांनी आयुष्यात सुनेशी समोरासमोर चार शब्द बोललेले नव्हते. ते वळले. अंजनानं डोक्यावरचा पदर ओढून घेतला नाही. तिच्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्यावर पोरीचं डोकं.

"अंजना, म्या..."

"मामंजी," ती वर न बघता म्हणाली, "उजेडातनं बाजूला व्हा. चमचा दिसंना झालाय."

सुभेदार बाजूला झाले.